साखर जरा कमी

माझी भाची जर्मनीत असते. गेल्या मे महिन्यात ती आणि जावईबापू अल्बानियातल्या जीरोकास्तर नावाच्या गावी जाऊन आठ दिवस राहिले. उस्मानी तुर्कांच्या अमदानीतलं, डोंगराच्या उतारावर मांजरासारखं अंग टाकून पसरलेलं गाव. भिंती दगडी, गल्ल्या दगडी, आणि छपरांवर कौलांच्या जागीसुद्धा दगडाच्या चिपा. युनेस्कोने २००५ साली त्याला जागतिक वारशाच्या पंगतीत बसवलं. एवढ्या लांब जाऊन आठ दिवस केलं काय, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "काहीच नाही, मामा. स्लो ट्रॅव्हल." म्हणजे पहिल्या दिवशी एक गल्ली चढायची आणि दुसऱ्या दिवशी तीच उतरायची. मधल्या वेळात कॉफी पीत समोरच्या खिडकीत वाळणारा टॉवेल बघायचा. मी म्हटलं, "अगं, याला आपल्याकडे गाडी चुकणं म्हणतात."

ती हसली. फोन ठेवल्यावर माझं मात्र हसू मावळलं, कारण मला साखरखेर्डा आठवलं.

साखरखेर्डा हे माझ्या आत्याचं गाव. जिल्हा बुलढाणा, तालुका सिंदखेड राजा. जिजाऊंच्या माहेरचा मुलूख. अजिंठ्याचे डोंगर इथवर येता येता दमतात आणि उंचवट्यांवर समाधान मानतात. या गावी मी उभ्या आयुष्यात पन्नासेक वेळा गेलो असेन, पण प्रत्येक वेळी कारण घेऊन. लग्न, बारसं, दहावं. कारण आटोपलं की पिशवी उचलायची. नुसतंच जावं असं कधी वाटलं नाही. आता ठरवलं की तीन दिवस जायचं आणि काही करायचं नाही. घरी विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "असंच." या शब्दावर आपल्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. बायकोने काही न बोलता रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी पिशवीत जास्तीची टाकली.

मेहकरहून निघालो. मेहकरच्या अंगावरूनच आता समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, मुंबई ते नागपूर आठ तासांत. आमची गाडी लव्हाळ्याच्या बाजूने निघाली ती या सगळ्याशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. एके ठिकाणी ती नुसती थांबून राहिली. बांधावरून एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन येत होती आणि अजून दोन वावरं लांब होती. चालकाने इंजिन बंद केलं. कोणी घड्याळ पाहिलं नाही. माझ्या शेजारचा म्हणाला, "येऊ द्या बापा तिला, तिचं कुठी विमान चुकून राह्यलं." म्हातारी चढली, बसली, आणि मग चालकालाच म्हणाली, "चाल आता, काहून थांबला?"

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. घरी वहिनी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सांगितलं की चौकापर्यंत पायी फिरून येतो. अंतर पाच मिनिटांचं. पहिल्याच ओट्यावरून हाक आली, "कोनाकडचे पाव्हणे?" मी सांगितलं. "म्हंजे तुम्ही त्यायचे भाचे का?" हो. "मंग ते धाकले, मेहकरचे, का थोरले?" धाकटे. "या, बसा." चहा आला. दुसऱ्या ओट्यावर हेच प्रश्न पुन्हा, फक्त चहाच्या जागी सुपारी. तिसऱ्या घरी एका आजीबाईंनी डोळ्यांवर हाताची झापड धरून मला न्याहाळलं आणि माझ्या वडिलांचं नाक ओळखलं. चौकात पोचायला दोन तास लागले. जीरोकास्तरमध्ये भाची हळू चालत होती, कारण तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. मला इथे भरभर चालता येईना, कारण मी कोणाचा कोण हे ठरल्याशिवाय पुढचं पाऊल टाकण्याची परवानगीच नव्हती. परक्या गावात माणूस खिडक्या बघत जातो. इथे खिडक्या माणूस बघतात.

या गावाला इतिहासही साधासुधा नाही, पण तो अंगणातल्या उखळासारखा पडलेला असतो. येता-जाता कोणी त्याच्याकडे पाहत नाही. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे लढाई झाली. दिल्लीच्या मुहम्मदशहा बादशहाला निजामुल्मुल्क दख्खनेत नकोसा झाला होता. त्याने हैदराबादच्या मुबारिजखानाला आतून फूस दिली की याला हटव आणि जागा तू घे. दोघांची गाठ साखरखेर्ड्याला पडली. चोवीस वर्षांचा बाजीराव पेशवा त्या दिवशी निजामाच्या बाजूने होता. पुढे चारच वर्षांनी पालखेडला त्याने याच निजामाला कोंडीत पकडलं, ती गोष्ट वेगळी. मुबारिजखान पडला. मग निजामाने जे केलं त्याला मी राजकारणातला उत्तम विनोद मानतो, फक्त हसायला फार धीर लागतो. त्याने मुबारिजखानाचं मुंडकं दिल्लीला पाठवलं आणि सोबत बादशहाचं अभिनंदन केलं, की आपल्या कृपेने एका बंडखोराचा बंदोबस्त झाला. बादशहाला आपणच धाडलेला माणूस बंडखोर म्हणून परत घ्यावा लागला. वर पुढच्या वर्षी निजामाला ‘आसफजाह’ हा किताबही द्यावा लागला. हैदराबादचं सव्वादोनशे वर्षांचं राज्य सुरू झालं ते या शिवारातून. विजयाच्या भरात निजामाने गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा ठेवलं. सरकारी दप्तरात ते पुष्कळ काळ टिकलं. पण लोकांच्या जिभेवर साखर होती, तिथे फतेह विरघळून गेली. एवढ्या मोठ्या विजयाचा इतका गोड पराभव मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि ही साखर सुद्धा काही घरी बसणारी नव्हे. आपली शर्करा फारशीत ‘शकर’ झाली, तुर्कांकडे ‘शेकेर’, आणि तुर्कांच्या पाठीवर बसून बाल्कनात पोचली. भाचीला मी फोनवर विचारलं, तिकडे साखरेला काय म्हणतात गं? म्हणाली, "शेचेर. आणि मामा, दुकानाला दुचान, बाजाराला पझार, मैदानाला मेयदान. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी आपल्याच मराठीची नक्कल करतंय." म्हणजे आठ हजार रुपये रोजाच्या खोलीत राहून ती जे ऐकत होती, ते इथे ओट्यावर फुकट चाललं होतं.

तुर्कांचा आणि आमचा धागा एवढ्यावरच तुटत नाही. साखरखेर्ड्याच्या लढाईला दोनशे वर्षं झाली त्याच साली, मार्च १९२४ मध्ये, तुर्कस्तानने खिलाफत मोडीत काढली आणि उस्मानी घराण्यातला शेवटचा खलिफा अब्दुलमजीद देशाबाहेर गेला. फ्रान्समधल्या नीस गावी १९३१ साली त्याची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझमजाहशी, झालं. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. १८५३ मध्ये हातचा गेलेला मुलूख परत मिळेना, तेव्हा १९३६ च्या करारात तडजोड निघाली, की निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं. म्हणजे इस्तंबूलच्या खलिफाची लेक झाली आमची वऱ्हाडची युवराज्ञी. ज्या राज्याची ती सून, ते जन्मलं साखरखेर्ड्यात. ज्या मुलखाची ती युवराज्ञी, त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर. मी ही हकिकत वहिनींना सांगितली. पाटवड्या कापता कापता त्यांनी विचारलं, "आल्त्या का मंग कधी इकडं?" या प्रश्नावर मला उत्तर नव्हतं. "नसतीन आल्या," वहिनीच म्हणाल्या, "आल्त्या असत्या तं जेवल्याबिगर कोनी जाऊ देल्लं नसतं."

संध्याकाळी प्रल्हाद महाराजांच्या संस्थानात जाऊन बसलो. गोंदवलेकर महाराज, त्यांचे शिष्य जालन्याचे रामानंद महाराज आणि त्यांचे प्रल्हाद महाराज, अशी ही परंपरा. गावात पलसिद्ध महास्वामींचा वीरशैव मठही आहे. एका बाजूला तेरा अक्षरांचा रामनामाचा जप, दुसरीकडे शिवाचं नाव, आणि दोन्हींच्या मधून घरी परतणाऱ्या गाईम्हशी. त्यांना मात्र खरंच कुठे जायची घाई नसते.

तिथे बसल्यावर आत्या आठवली. लहानपणी सुट्टी संपवून निघताना ती मला म्हणायची, "थांब रे, हातावर दही देते." आत जायची. दही सापडायचं नाही. मग वाटी सापडायची नाही. मग शेजारून साखर आणायला जायची, डब्यात साखर असताना. एवढ्यात फाट्यावर गाडीचा भोंगा वाजून दूर जायचा. आत्या दारात येऊन भाबड्या आवाजात विचारायची, "गेली का रे? आता उद्याच." मला वाटायचं, आत्या फार वेंधळी आहे. वडीलही तसंच म्हणायचे. दर सुट्टीत गाडी चुकायची आणि दर वेळी मला एक दिवस जास्तीचा मिळायचा. त्या दिवशी संध्याकाळी शेवया असायच्या. शेवया काही आयत्या वेळी ठरत नाहीत; दूध सकाळीच जास्तीचं घेऊन ठेवावं लागतं. हे मला साठी उलटल्यावर, त्या पायरीवर बसून सुचलं.

तिसऱ्या दिवशी निघालो. वहिनी म्हणाल्या, "थांबा, दही देते." मी पिशवी खाली ठेवली.

तुम्हीही कधी लव्हाळ्यावरून साखरखेर्ड्याकडे वळलात, तर नावगाव नीट तयार ठेवा आणि आजोळही सांगता आलं पाहिजे. मधुमेह असेल तर चहात साखर जरा कमी टाका असं आधीच सांगा. ऐकतीलच असं नाही.