झाकली मूठ, उघडं बॉनेट

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दोन पंथ. एक म्हणतो, बॉनेट उघडलं की गाडीचा घाटच मोडतो. दुसऱ्याला बंद बॉनेट दिसलं की वाटतं, आत काहीतरी काळंबेरं आहे. प्रीमियर पद्मिनीवाले बहुतेक उघडणारेच. 1089 सीसीचं इंजिन, पण टॅपेट कव्हरमध्ये बघून भांग पाडावा इतकं घासलेलं! बघे वाकून विचारतात, “ॲव्हरेज किती देते?” मालक घाम पुसतो. (गाडी टेम्पोतून आणलेली असते.) खरी पंचाईत बीटलवाल्याची. कुणी ना कुणी पुढचं झाकण उघडायला लावतोच, आणि आत निघते स्टेपनी. मुरलेले परीक्षक मात्र बॉनेटकडे बघतच नाहीत. गाडीखाली हळूच सरकवलेला पुठ्ठा तेवढा ओढून बघतात.