मिटल्या डोळ्यांचे तात्या

"दर्शन कसं झालं?" याला आमच्या जिंतूरच्या तात्यांचं उत्तर ठरलेलं. "निवांत! एकदम समोरून." पंढरपुरात पदस्पर्शाची रांग धरावी की मुखदर्शनाची, तुळजापूरला गर्दी कधी ओसरते, घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात सदरा काढून जावं लागतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. यात्रेला निघालेला माणूस आधी त्यांच्या ओट्यावर टेकतो आणि मग एसटी गाठतो. फक्त देव दिसतो कसा, ते त्यांना विचारू नये.

कारण हात जोडले की तात्यांचे डोळे आपोआप मिटतात. पाच तास पुढच्याच्या मानेवरचा तीळ बघत काढायचे आणि विटेवरचा समोर आला की डोळे गच्च! उघडेपर्यंत "चला माउली, पुढं." परतीच्या एसटीत काकूंना हळूच, "आज पोशाख कोणता होता गं?" काकू मुकुटापासून तुळशीहारापर्यंत सांगतात. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तेच ऐकू येतं, वर एखादा दागिना जास्तच.

जवळच्या नेमगिरीला, जैन लेण्यांत, पार्श्वनाथाची भलीमोठी मूर्ती इवल्याशा दगडावर टेकलेली आहे. तिथं मात्र तात्या बॅटरी मारून, ओणवे होऊन खालची फट तपासतात. तेव्हा हात बॅटरीत गुंतलेले असतात ना!

एकदा मी छेडलंच. म्हणाले, "येडा आहेस. दर्शन म्हंजे त्यानं आपल्याला बघायचं. त्याचे उघडे असले म्हंजे झालं."

गेल्या श्रावणात सोमवारी औंढ्याला निघताना काकूंनी बजावलं, "अहो, या वेळी हातच जोडू नका." नागनाथाचा गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेनं, अंग चोरत, वाकून उतरायचं. तात्या हात मागं बांधून, डोळे ताणून उतरले. आत घामाची, ओल्या बेलाची वाफ. चष्म्यावर धुकं दाटलं. उपरण्यानं काचा पुसून होईतो मागच्या लोंढ्यानं त्यांना वर आणून सोडलं.

काकूंना ते सापडले देवळाच्या मागच्या बाजूला. नामदेवांसाठी देऊळ फिरलं म्हणतात, नंदी मात्र होता तिथंच राहिला. त्याच्याशेजारी तात्या बसलेले, चष्मा लखलखीत, डोळे सताड उघडे, दोघांचीही नजर देवळाच्या पाठीवर.

"झालं का दर्शन?" काकूंनी विचारलं.

"थांब जरा," तात्या म्हणाले, "इथं कुणी ढकलत नाही."