पेंढ्याचा बोकड

डिसेंबर महिन्यात स्टॉकहोमचा सूर्य दुपारचे तीन वाजण्यापूर्वीच दप्तर गुंडाळून निघून जात असल्यामुळे, मागे उरणारा प्रदीर्घ अंधार सुसह्य कसा करावा या प्रश्नाचा स्वीडिश लोकांनी फार गांभीर्याने विचार केलेला दिसतो. 13 तारखेस शुभ्र झगा परिधान करून, मस्तकी मेणबत्त्यांचा मुकुट धारण करून गात येणारी लुसिया, तिच्या आगमनाप्रीत्यर्थ भाजलेले केशरी पाव, आणि 24 तारखेस दुपारी तीन वाजता अवघे राष्ट्र दूरदर्शन संचापुढे भक्तिभावाने पाहते ती डोनाल्ड डक या बदकाची जुनी व्यंगचित्रे, ही सारी त्याच विचाराची फळे होत. त्या तासात कोणाच्याही घरी दूरध्वनी करू नये, हे माझ्या घरमालकीणबाईंनी मला भाडेकराराच्या अटींहून अधिक कळकळीने बजावले होते.

परंतु रांगेत उभे राहणे हाच ज्यांचा राष्ट्रधर्म, त्या लोकांचे अंतरंग जाणण्याची ज्याला इच्छा असेल त्याने आगगाडीने उत्तरेकडील येव्ले या गावी जावे. तेथील चौकात 1966 पासून दरसाल नाताळापूर्वी पेंढ्याचा सुमारे 13 मीटर उंचीचा बोकड उभारण्यात येतो. पहिल्याच वर्षी, 31 डिसेंबरच्या रात्री, तो कोणीतरी पेटवून दिला. आणि तेव्हापासून गावाने तो बांधावा व अज्ञात इसमांनी तो जाळावा, अशी जणू वहिवाटच पडून गेली. दुहेरी कुंपण, पहारेकरी, कॅमेरे, अग्निरोधक द्रव्ये, असा चोख बंदोबस्त करून पाहण्यात आला. तरी 1976 साली एकाने थेट मोटारच त्याच्या अंगावर घातली, आणि 2005 साली खुद्द सांताक्लॉजच्या वेषातील मंडळींनी पेटता बाण सोडून त्याला सद्गती दिल्याचे सांगतात.

फाल्गुनी पौर्णिमेच्या संस्कारात वाढलेल्या मजसारख्या मनुष्यास त्या भव्य पेंढ्याच्या राशीसमोर कोणता विचार सुचला, हे सांगणे नलगे. जे कृत्य आपण मुहूर्त पाहून, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून उजळ माथ्याने करतो, ते तेथे फौजदारी गुन्हा ठरते. आणि माझ्या चेहऱ्यावरील भाव पाहून की काय, पहारेकरी माझ्यापासून दृष्टी हलवावयास तयार नव्हता. त्याचा संशय अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. 2001 साली एका अमेरिकन प्रवाशाने, हे दहन म्हणजे कायदेसंमत लोकाचार आहे या स्थानिक मित्रांच्या शब्दांवर विसंबून, बोकडास अग्नी दिला. त्याला 18 दिवस तुरुंगात काढावे लागले, आणि ही वस्तू याच्या हाती सुरक्षित नाही असे ठरवून न्यायालयाने त्याचा लायटरही जप्त केला. मित्रांचे काय झाले, हा प्रश्न दप्तरी कोणी उपस्थित केलेला दिसत नाही.

2023 साली मात्र बोकडास आग लागलीच नाही. त्या वर्षी पेंढ्यात धान्याचे दाणे बरेच राहून गेले होते, आणि कावळ्यांच्या कुळातील पाखरांनी कोणाचीही परवानगी न घेता ते टिपता टिपता बोकडाचे अंग पार उसवून टाकले.