अवघे अकरा हजार किलोमीटर!

तीर्थस्वरूप काका,


शिरवळच्या पुढे, एका चहाच्या टपरीसमोर, तुमच्याच गाडीच्या स्टेपनीवर बसून हे लिहितो आहे. स्टेपनीचा दुसरा उपयोग नाही; तिच्यात हवा नाही.

‘२०१४ची गाडी, अवघी अकरा हजार चाललेली, नुसती उभी!’ असं तुम्ही म्हणालात आणि मी सोन्याचं अंडं मिळाल्यागत टोकन देऊन मोकळा झालो. टॉर्च मारून तुम्ही टायरच्या खाचा दाखवल्यात. नव्यासारख्या! मीही शहाण्यासारखं खाचेत नाणं घालून पाहिलं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, ते आज पाहिले : १९१४. हे पहिल्या महायुद्धाचं साल नव्हे, २०१४चा एकोणिसावा आठवडा. झिजलं नाही म्हणून रबर म्हातारं व्हायचं थोडंच थांबतं? एकाच जागी भार सोसत ते वाळलं, तडकलं आणि आज ताशी ऐंशीला केळ्यासारखं सोललं गेलं. मागच्या सीटवर माझी आई होती, काका. तिला काही झालं नाही. पण ‘न वापरलेली’ हा शब्द पुन्हा माझ्यासमोर काढू नका. कृपा करून नका!

उंदरांनी खाल्लेल्या वायरी, ड्रमला चिकटलेला हँडब्रेक, टाकीतलं व्हार्निशच्या वासाचं पेट्रोल ही किरकोळ मंडळी. त्यांचे बावीस हजार मेकॅनिकने आधीच घेतले. ‘दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करतो’ हे तुमचं व्रत सांगितल्यावर तो खो खो हसला. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमधलं पाणी उडून जात नाही, तिथेच मुरतं. म्हणजे सायलेन्सर तुम्ही नेमाने सडवलात.

गाडीत नवी वस्तू एकच, बॅटरी. कप्प्यात बॅटरीच्या पाच पावत्या. अकरा हजार किलोमीटरला पाच! याचा उलगडा ट्रान्स्फरच्या सहीसाठी आलो तेव्हा तुमच्या वॉचमनने केला. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सुटलं, तरी रोज संध्याकाळी तुम्ही खाली यायचात, कव्हर अर्धं वर सारायचात आणि आत बसून तासभर रेडिओ ऐकायचात. ड्रायव्हरच्या सीटला खड्डा का आणि बाकीच्यांवर अजून प्लॅस्टिक का, तेही तेव्हा कळलं. घरी रेडिओ नाही का, हे मी विचारलं नाही.

आता धड भांडताही येईना. चार टायरांचं बिल तुम्हाला पाठवणार होतो, ते राहू दे.

टायरवाला यायला अजून अर्धा तास आहे. आई गाडीतच बसली आहे. रेडिओ तिनेच लावला. तुम्ही ठेवलेलं पुण्याचं स्टेशन इथे नुसतं खरखरतं आहे, पण ती बदलू देत नाही.

आपला,
सेकंड ओनर