शिकारी बूट : खरेदी, वापर आणि सुटका

प्रस्तुत मार्गदर्शन तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारू गावात राहणाऱ्या, तिथे पाहुणे म्हणून जाणाऱ्या, किंवा अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेलं खोकं उघडून हतबुद्ध झालेल्या मराठी माणसांसाठी आहे. खाली रबर, वर कातडं, पुढे वीतभर नाड्या आणि तळापासून आठ-दहा इंच उंची असा शिकारी बूट या गावात कसा निवडावा, कसा घालावा आणि मुख्य म्हणजे कसा काढावा, याची शास्त्रशुद्ध माहिती मराठीत कुणी लिहिलेली नाही. भोसल्यांच्या मागोमाग मराठी मंडळी कावेरीकाठी येऊन साडेतीनशे वर्षं होत आली. सरस्वती महाल ग्रंथालयात हत्तींच्या आणि घोड्यांच्या शास्त्रावर सचित्र पोथ्या आहेत. माणसाच्या पायांची आबाळ तेवढी राहून गेली. ती उणीव इथे भरून काढत आहोत.

प्रथम वस्तूची ओळख. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या लिऑन लिऑनवुड बीन या गृहस्थांचे पाय १९११ साली शिकारीत भिजले. आपल्याकडे पाय भिजले की माणूस पाय पुसतो. बीनसाहेबांनी मोची गाठला आणि कामगारांच्या रबरी बुटाच्या तळावर कातड्याचा वरचा भाग शिवून घेतला. १९१२ साली टपालाने शंभर जोड विकले. त्यातले नव्वद परत आले, कारण शिवणीपाशी रबर फाटलं. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारला आणि पुन्हा विकायला काढला. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. शंभरातले नव्वद परत येतात, दुकानदार पैसे देतो आणि तरीही दुकान शतकभर चालतं, ही गोष्ट ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली वाढलेल्यांना बुटापेक्षाही परकी वाटेल.

खबरदारी म्हणून सांगतो, सह्याद्रीत फिरणारी पोरं ज्याला ‘हंटर शूज’ म्हणतात तो कॅनव्हासचा हिरवा बूट वेगळा. तो स्वस्त असतो, लवकर वाळतो आणि फाटला की कुणाला वाईट वाटत नाही. आपला बूट यातल्या कुठल्याच बाबतीत त्याच्या वाटेने जात नाही.

खरेदी. तिरुवैयारूत हा बूट मिळत नाही. तमिळनाडूत अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या पट्ट्यात कातडं कमावलं जातं आणि तिथले जोडे साऱ्या जगाच्या पायांत जातात. रबराची झाडं शेजारच्या केरळात आहेत आणि रबर बोर्डाची कचेरी कोट्टयमला. म्हणजे कातडं एका हाताला, रबर दुसऱ्या हाताला, आणि बूट मात्र मेनहून मागवायचा. याला जागतिकीकरण म्हणतात. त्यावर वाद घालू नये. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय सुजतो. हा बूट अर्ध्या मापात मिळत नाही. पातळ मोजे घालणार असाल तर नेहमीपेक्षा एक माप लहान घ्या, असं सांगतात. पण जन्मभर चपलेत मोकळी पसरलेली पावलं असणाऱ्यांनी हा सल्ला पाळण्यापूर्वी करंगळीला विचारावं.

मोज्यांबद्दल एकच सांगायचं. मेनमध्ये या बुटात लोकरीचे मोजे घालतात. तिरुवैयारूत जानेवारीतल्या दुपारीही पारा तिशीच्या आसपास असतो. रबर पाणी आत येऊ देत नाही, याचा अर्थ आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. हे गाव पाच नद्यांचं: कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारू, वेट्टारू आणि वडवारू. लोकरीचे मोजे घातल्यास सहावी बुटात उगम पावते.

आता शिकार. बूट शिकारी असल्यामुळे काहीतरी मारलं पाहिजे असं काहींना वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते जमणार नाही. कावेरीकाठचा मोर तर राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला ते पुरेपूर माहीत असल्यासारखा तो वागतो. तेव्हा इथे शिकारीचे मान्य प्रकार दोनच: पौष वद्य पंचमीला संत-रचनाकार त्यागराज यांच्या आराधनेच्या संगीतोत्सवात मांडवात पुढची जागा, आणि तंजावरला परतणाऱ्या बसमध्ये कुठलीही जागा. दोन्हींसाठी चपळाई लागते आणि दोन्ही ठिकाणी हा बूट आड येतो.

चिखल मात्र आहे आणि मुबलक आहे. रिवाजाप्रमाणे १२ जूनला कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात. त्या पाण्यावर कुरुवै आणि पुढे सांबा भात उभं राहतं, आणि ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस वरून भर घालतो. बुटाचा मालक हे वाचून सुखावेल: अखेर भूमी सापडली! त्याने अवश्य लावणीच्या शेतात पाय टाकावा. इथला गाळ पोटरीपर्यंत घेतो. आठ इंची बुटाच्या काठावरून तो शांतपणे आत उतरतो, मग खालून धरून ठेवतो. पाय वर ओढावा, तर पाय येतो आणि बूट शेतात राहतो. बीनसाहेबांची शिवण इतकी पक्की आहे की गाळाशी झटापटीत ती सुटत नाही. सुटतो तो माणूस. शिवाय पेरल्या जमिनीत पादत्राण घालून उतरायचं नसतं, असं बांधावरचे वडीलधारे आधीच सांगतात. ते ऐकावं. लावणीच्या बायका अनवाणीच उतरतात, वाकून ओळीने रोपं रोवत मागे मागे सरकतात आणि त्यांच्या पायाला चिखलाचा कस बुटापेक्षा लवकर कळतो.

इथे थट्टा जरा बाजूला. भातशेतीत घोणस असते, नाग असतो, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असतो. या सगळ्यांपासून बचावासाठी शेतमजुरांनी रबरी बूट घालावेत असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच सांगतात. अडचण अशी की ज्याला बूट हवा त्याच्या कामात तो रुतून बसतो, आणि ज्याच्या कामात तो रुतत नाही, तो बांधावर छत्री घेऊन उभा असतो. या दोघांमधला बूट अजून कुणी शिवलेला नाही. बीनसाहेब हयात असते तर त्यांना पत्र टाकलं असतं.

असो. आता या मार्गदर्शनाच्या गाभ्याकडे येऊ, तो म्हणजे बूट काढणं.

मेनमध्ये बूट सकाळी चढवतात आणि रात्री उतरवतात. तिरुवैयारूत एका सकाळचा साधा कार्यक्रम पाहा. तिरुमंजन वीथीतलं त्यागराजांचं घर: बूट बाहेर. तिथून नदीकाठची समाधी: बूट बाहेर. अय्यारप्परचं, म्हणजे पंचनदीश्वराचं, देऊळ: बूट गोपुराबाहेर. पुष्य मंडपाच्या घाटावर पाय बुडवायचे: बूट पायरीवर. मग ज्यांच्याकडे उतरलात त्यांचं घर. तिथे थोरले काका तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसूनच असतात आणि तुमच्या पायांकडे पाहून काही बोलत नाहीत, हेच त्यांचं बोलणं. शेवटी केळीच्या पानावर जेवण. तेही अर्थात अनवाणी. प्रत्येक मुक्कामी नाड्या सैल करायच्या, जीभ बाहेर ओढायची, टाच सोडवायची, आणि परतताना हे सगळं उलट क्रमाने, घामेजल्या पायांनी, मागे उभ्या असलेल्या चौदा माणसांची वाट अडवून. काढायला एक मिनिट आणि घालायला दोन धरली तर सहा मुक्कामांची अठरा मिनिटं झाली. तेवढ्यात मांडवात त्यागराजांची नाटै रागातली पहिली पंचरत्न कृती आटोपून गौळ सुरू झालेला असेल आणि तुमची जागा कोइमतूरच्या कुणा मावशींनी घेतलेली असेल. त्यांच्या पायांत रबराची स्लिपर होती. ती त्यांनी चालता चालता झटकली.

यावर काही उपाय सुचवले जातात. नाड्या कायमच्या ढिल्या ठेवाव्यात: मग बूट पायाबरोबर न चालता पायामागून चालतो. वर पातळ पिशव्या चढवाव्यात: हे रुग्णालयात चालतं, देवळात नाही. एक सुज्ञ सूचना अशी की बूट हातात घेऊन फिरावं आणि गरज लागेल तेव्हाच घालावा. हिची आम्ही शिफारस करतो. बूट टिकाऊ असल्यामुळे हातात घेऊन फिरला तर तो पिढ्यान् पिढ्या टिकेल.

चपला ठेवण्याच्या जागी वेगळीच अडचण येते. तिथले खण चपलेच्या मापाचे असतात. एका खणात एकच बूट मावतो, तोही आडवा, जीभ बाहेर काढून. राखणदार ‘सार’ म्हणून हाक मारतो आणि शेजारशेजारचे दोन खण, दोन बिल्ले, दुप्पट पैसे असा व्यवहार समजावतो. द्यावेत. कारण इथेच या बुटाचा सर्वांत मोठा गुण प्रकट होतो, जो कंपनीने जाहिरातीत वापरायला हवा: तो चोरीला जात नाही. गर्दीत चपलांची अदलाबदल होते ती घाईत होते, आणि हा बूट घाईत घालता येत नाही. अर्थात देवळातून चपला गेल्या की त्यांच्याबरोबर साडेसाती गेली असं मानणाऱ्यांनी विचार करून ठेवावा. या बुटाबरोबर तीही टिकते.

कातड्याच्या सोवळ्याचा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. काका विचारतात, जनावराचं चामडं देवाच्या दारात आणायचं कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्याऐवजी मांडवात व्यासपीठाकडे पाहावं. तिथे ओळीने मृदंगम मांडलेले असतात. प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांवर आणि ती ताणणाऱ्या वाद्यांत गाईचं, बकऱ्याचं, म्हशीचं कातडं. त्यावर तांदळाची आणि दगडाच्या भुकटीची शाई, आणि त्यावर साऱ्या कर्नाटक संगीताचा तोल. ते कातडं समाधीसमोर मांडीवर बसतं, बुटाचं दाराबाहेर. ते कमावणाऱ्या आणि मढवणाऱ्या हातांना मांडवात कुठे बसवलं जातं, हे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात सविस्तर लिहून ठेवलं आहे. काकांना ते भेट द्यावं. वाद मिटणार नाही, पण तुमच्या बुटाकडचं लक्ष नक्की उडेल.

पादत्राणाला देवळात अजिबात मान नाही असं मात्र कुणी समजू नये. त्यागराजांनी जन्मभर ज्या रामाला आळवलं त्याच्या पादुका चौदा वर्षं अयोध्येच्या गादीवर होत्या. ज्ञानोबांच्या पादुका दर आषाढात चांदीच्या रथातून पंढरीला जातात आणि लाखो लोक त्यांच्यामागून पायी चालतात. समर्थांच्या संप्रदायानेही तंजावरात मठ उभारले आणि पादुका पुजल्या. म्हणजे नियम सोपा आहे: पादत्राण आत जाऊ शकतं, आतला पाय संताचा असला पाहिजे आणि शक्यतो तो आत नसला पाहिजे. तुमच्या बुटाला ही सवलत हवी असल्यास आधी स्वतःची व्यवस्था पाहावी.

दांडगा बूट घातला की माणसाला दारं ढकलाविशी वाटतात, असाही अनुभव सांगतात. या गावातलं सर्वांत जड दार गायिका बेंगळुरू नागरत्नम्मांनी उघडलं. दागदागिने आणि मालमत्ता विकून त्यागराजांच्या समाधीवर देऊळ बांधलं. आराधनेत बायकांना गाऊ देत नव्हते, तर बायकांची वेगळी आराधना भरवली. शेवटी सगळ्यांना एकत्र यावं लागलं. आज त्यांची मूर्ती समाधीकडे तोंड करून बसली आहे. त्या सबंध लढाईत आठ इंची बुटाची लाथ कुठेच लागली नाही, हे दार ढकलू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

निगा. पावसाळ्यात, म्हणजे इथे ऑक्टोबर ते डिसेंबर, कातड्यावर पांढरी बुरशी येते. बुटात ‘दिनमणी’ वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो पंख्याखाली ठेवावा, उन्हात नको. कातड्याला मेण किंवा तेल लावावं. तिरुवैयारूचा अशोका हलवा मुगाच्या डाळीचा आणि तुपात निथळणारा असतो. खाऊन झाल्यावर बोटं बुटाला पुसण्याचा मोह होतो, कातडं त्याने मऊही होतं, पण रात्री मुंग्या येतात आणि त्या आतून येतात.

सुटका. पूर्वी बीनसाहेबांची कंपनी कितीही जुना माल परत घेत असे. २०१८ साली लोकांनी अडगळीतले, उकिरड्यावरचे जोडे परत करायला सुरुवात केल्याचं सांगून तिने मुदत एक वर्षावर आणली, तीही पावती असल्यास. पावती भाच्याकडे असते आणि भाच्याला कळवलं तर पुढच्या वर्षी हातमोजे येतात. तळ झिजल्यास मेनमध्ये तो बदलून मिळतो, पण तिरुवैयारूत तळ झिजण्याइतकं चालणं या बुटात होत नाही. तेव्हा थंड जागी नातं शोधावं. कोडाईकनाल किंवा मुन्नारला कुणी चुलत जावई निघतोच. धुकं, पाऊस, जळवा, सगळं तिथे आहे आणि दाराशी घटकाभर खोळंबून राहण्याची लोकांना सवय आहे. बूट स्वच्छ पुसून, मूळ खोक्यात, मोज्यांसकट द्यावा. देण्यापूर्वी नाडीची गाठ सोडवावी. उजव्या बुटाची सुटत नसेल तर तशीच द्यावी; कोडाईकनालात संध्याकाळी वेळ भरपूर असतो.