इकडे बघा, आठही डोळ्यांनी

पावसाळा सरत आला की येऊरच्या जंगलात कोळ्यांचे फोटो काढायला जाणाऱ्याने एक उत्तर आधीच ठरवून ठेवावं. वाटेकडेच्या गवतात पोटावर पालथा पडलेला गृहस्थ दिसला की येणारे-जाणारे थांबतातच. "काका, काय हरवलं?" 'चष्मा' म्हणावं तर सगळे शोधायला लागतात आणि कोळी पळतो. 'कोळी' म्हणावं तर आपल्याला उठवून बसवतात आणि पाणी देतात.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हा त्रास नाही. हातभर लेन्स, अंगात लष्करी रंगाचे कपडे, समाजात मान! आमच्या फ्लॅशपुढे मात्र टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम चिकटपट्टीने लावलेला.

त्यातल्या त्यात उडी मारणारा कोळी हौशी. लेन्स जवळ नेली की पळायचं सोडून वळतो आणि पुढच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी थेट तुमच्याकडे बघतो. जीव नखाएवढा, नजर शाळातपासनीसाची. इतक्या जवळून फोकस जेमतेम मिलिमीटरभर मिळतो. श्वास घेतला की डोळे धूसर, पाय स्पष्ट. श्वास रोखून धरला की पठ्ठ्या लेन्सवर उडी मारतो.

जायंट वूड स्पायडरची मादी पाय पसरून तळहातभर. तिच्याच जाळ्याच्या कडेला नर, अगदीच किरकोळ. फोटो बघून बायकोने त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा काय करतो?"

"विशेष काही नाही. बसून असतो."

"वाटलंच."

कोळ्याचं नाव ठरवणं फोटो काढण्याहून अवघड. डोळ्यांच्या मांडणीवरून कूळ बहुधा कळतं, पण जात विचारली की तज्ज्ञ म्हणतात, "पोटाकडून फोटो आहे?" बऱ्याच जाती जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ठरत नाहीत. पहिल्याच भेटीत इतकी चौकशी आपल्याकडे लग्न जमवतानासुद्धा करत नाहीत.

ठाणे-कल्याण परिसरातल्या अशाच एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं २०२१ साली 'आयसियस तुकारामी' असं बारसं झालं. २६/११च्या रात्री गोळ्या झेलूनही कसाबची बंदूक न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं हे नाव. तेव्हापासून इकडचा कुठलाही उड्या मारणारा कोळी दिसला की मी आधी अदबीने बघतो, मग फ्लॅश मारतो.

तुम्हीही काढा फोटो. समोरून, वरून, जमलं तर खालून. फक्त ते पाठवून "विषारी आहे का हो?" एवढंच विचारू नका. विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं. माणसाला बाधणारे त्यात अगदी थोडे.