एक जूनची मंडळी

मेरिलिन मन्रो, नर्गिस आणि आमचे तात्या, तिघांचाही वाढदिवस १ जूनला. मन्रोबाई १९२६ साली लॉस एंजेलिसला जन्मल्या, नर्गिस १९२९ साली कलकत्त्याला. तात्या जन्मले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना उचलून १ जूनला नेऊन बसवलं ते शाळेच्या गुरुजींनी.

खेडोपाडी एका अख्ख्या पिढीचं असंच झालं. शाळा जूनमध्ये भरायची. बाप पोराला बखोटीला धरून आणायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" उत्तर यायचं, "मोठा पूर आलता बघा, त्याच्या आदल्या साली." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला, की पोराचं वय बसलं आणि रजिस्टरात तारीख पडली, १ जून. सटवाई पाचवीच्या रात्री कपाळावर काय लिहून जाते ते कुणाला वाचता येत नाही. गुरुजींचं अक्षर मात्र सुवाच्य, आणि सरकारदरबारी तेच चालतं.

पण त्यामुळे संगत काय मिळाली! रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ टागोर १ जून १८४२चे. आयसीएस झालेले पहिले भारतीय, आणि नोकरी केली ती आपल्या मुंबई इलाख्यात. जेट इंजिनवाले फ्रँक व्हिटल १९०७चे. हॉलिवूडचे मॉर्गन फ्रीमन १९३७चे, आपला आर. माधवन १९७०चा. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली तीही १ जून १९२९ला, म्हणजे नर्गिस जन्मली त्याच दिवशी. आणि पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली १ जून १९४८ला.

"सिनेमा, विमान, एसटी!" तात्या मांडीवर थाप मारून म्हणतात, "तारखेतच दम आहे."

"नर्गिसनं 'मदर इंडिया'त नांगर ओढला," काकू स्वयंपाकघरातून म्हणतात. "तुम्ही जेवल्यावर ताट तरी उचला."

या तारखेचा खरा दम दिसतो तो मात्र ३१ मेला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. तात्यांच्या कचेरीतली निम्मी मंडळी एकाच संध्याकाळी घरी गेली. हॉल एक, हार सारखे, शाली एकाच गठ्ठ्यातल्या. साहेबांनी प्रत्येकाला 'अजातशत्रू' म्हटलं. सुरुवातीला ते नावं तरी बदलत होते. पुढे पुढे तेही सोडून दिलं. नारळ हातात घेऊन सगळे अजातशत्रू वडापावच्या रांगेत एकमेकांना ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकानं प्रत्येकाला शुभेच्छा दिल्या आणि प्रत्येकानं प्रत्येकाचे आभार मानले. दुपारपर्यंत तात्यांचा फोन तापून बंद पडला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "तात्या, या मोठ्या लोकांच्या तारखा खऱ्या आहेत. तुमची गुरुजींची."

तात्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझ्याकडे वरून पाहिलं.

"मन्रोबाईंचा दाखला तू पाहिलायस? लॉस एंजेलिसलाही गुरुजी असतीलच की!"